रांग भरण्यापूर्वीं

१९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत एक विलक्षण प्रकार घडला. तेथील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले येथील विद्यापीठ यांमधील अंतर अवघें ४०० वार. या दोहोंना जोडणाऱ्या संगणकांच्या जाळ्यावरून सेकंदास ३२,००० बिट मजकूर जात असे. तो एकाएकीं ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्रें बंद पडलीं नव्हतीं. उलट तीं अखंड राबत होतीं. आणि तरीहि मजकूर पोंचत नव्हता.

असें कां व्हावें? संगणकाचा संदेश लहान लहान पाकिटांत विभागून धाडला जातो. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र तीं पाकिटें रांगेंत ठेवून क्रमानें पुढें सोडतें. रांग भरली कीं नवें पाकीट टाकून देण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. वेळेंत पोंच न आल्यामुळें पाठविणारा तेंच पाकीट पुन्हां धाडतो, आणि तुंबलेल्या रांगेंत आणखी भर पडते. या संकटाची सूचना जॉन नेगल यांनीं १९८४ सालींच देऊन ठेविली होती.

व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनीं रोगाचें निदान केलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत उपाय सांगितला तो असा: पाठविणाऱ्यानें आरंभ जपून करावा, पोंच येईल तसतसा वेग वाढवावा, आणि पाकीट हरवलें तर वाट तुंबली असें समजून वेगाची मर्यादा निम्मी करावी.

जाळें सावरलें; परंतु एक वैगुण्य उरलें. रांग पूर्ण भरेपर्यंत राउटर मुकाट राही व मग अनेकांचीं पाकिटें एकदम टाकी. सारे एकाच वेळीं थबकत, वाट ओस पडे. पुन्हां सारे एकदम सरसावत, वाट पुन्हां तुंबे. १९९३ सालीं सॅली फ्लॉइड व जेकबसन यांनीं नवी युक्ति सुचविली. राउटरनें रांगेच्या सरासरी लांबीवर नजर ठेवावी. ती खालच्या मर्यादेच्या आंत असतां एकहि पाकीट टाकूं नये. वरची मर्यादा ओलांडल्यावर येईल तें टाकावें. आणि मधल्या अवस्थेंत, लांबी वाढेल त्या मानानें, चिठ्ठ्या टाकून निवडावें तसें एखादें पाकीट टाकावें. ज्याचीं पाकिटें अधिक, त्याचेंच सांपडण्याचा संभव अधिक.

या मर्यादा बांधणें मात्र व्यवस्थापकाच्या हातीं होतें, आणि तेंच काम अवघड ठरलें. त्या फार खालीं ठेवल्या तर पाकिटें विनाकारण जात. फार वर ठेवल्या तर इशारा उशिरां मिळे. १९९८ सालीं इंटरनेटच्या तज्ज्ञांनीं या पद्धतीची शिफारस केली. तरी या कटकटीमुळें अनेकांनीं ती चालूच केली नाहीं. २०१५ सालच्या सुधारलेल्या शिफारशींत तिचा आग्रह सोडण्यांत आला, पण वेळीं इशारा देण्याचें तत्त्व कायम राहिलें.

तें राहणें योग्यच होय. पाठविणारीं यंत्रें आपण होऊन आवरतात, म्हणूनच हें जाळें चालतें. पण आवरण्याची वेळ झाली हें त्यांना कोणी तरी रांग भरण्यापूर्वीं सांगावें लागतें.