वारली जीवनाचीं तीन दर्शनें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा, ताम्रपट आणि दफ्तरें उभीं राहतात. परंतु ज्यांच्या घरीं कागद नव्हता, आणि ज्यांचा कागदाशीं संबंध सावकाराच्या चोपडींत उमटविलेल्या अंगठ्यापुरताच आला, त्यांचा इतिहास कशाच्या आधारें लिहावयाचा? डहाणू व तलासरी या तालुक्यांतील वारली लोकांविषयीं विचार करूं लागतांच हा प्रश्न पुढें येतो. त्यांच्या जीवनाचें, किंवा त्यांच्यासारख्यांच्या जीवनाचें, दर्शन घडविणाऱ्या तीन प्रकारच्या कृति मराठी वाचकाच्या सहज आटोक्यांत आहेत: एक पुस्तक, एक चित्रपट आणि भिंतीवरचीं चित्रें. रसिक या नात्यानें तिन्हींविषयीं माझीं बरींवाईट मतें आहेत. इतिहासाचा अध्यापक या नात्यानें मात्र तिन्हींना माझें विचारणें एकच आहे. हा माणूस येथें कोणाच्या तोंडानें बोलतो?

प्रथम पुस्तक घेऊं. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें १९७० सालीं प्रसिद्ध झालें आणि १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक लाभलें. लेखिका पुण्यांत वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर. त्या किसान सभेच्या कार्यासाठीं या जंगलपट्टींत गेल्या. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास परिषद भरली आणि त्याच वर्षीं २३ मे रोजीं झरी येथें वारल्यांची सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यांत असलें तरी तेव्हां तें उंबरगांव तालुक्यांत मोडत असे. वेठबिगार करावयाची नाहीं, आणि रोख बारा आणे रोज मिळाल्यावांचून जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवावयाचें नाहीं, असे निश्चय तेथें झाले. बारा आणे ही मागणी आज हास्यास्पद वाटेल. पण ज्याला फुकट राबण्याची पिढीजात संवय लावलेली आहे, त्यानें आपल्या अंगमेहनतीस किंमत आहे असें चारचौघांत म्हणणें, हीच मुळांत क्रांति होती. पुढें गवतकापणीच्या दरावरून तंटा पेटला आणि त्या ऑक्टोबरच्या १० तारखेस तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत जेठ्या गांगड व आणखी चार जण ठार झाले.

हें पुस्तक कादंबरी नव्हे. तथापि कादंबरीच्या वाचकास जें हवें असतें तें त्यांत विपुल आहे. भयानें गोठलेला माणूस पहिला शब्द कसा उच्चारतो, हें इतक्या संयमानें सांगणारें दुसरें पुस्तक मराठींत मला चटकन् आठवत नाहीं. त्याची मर्यादा त्याच्या गुणांतूनच निघालेली आहे. लेखिकेची दृष्टि वकिलाची आहे. साक्षीदाराकडून खटल्यास उपयोगी तेवढेंच ती वदवून घेते. वारल्याचे देव, त्याचा नाच, त्याचें हंसणें यांना लढ्याच्या मानानें दुय्यम जागा मिळते. परंतु खटला न्याय्य असला म्हणजे अशा वकिलाविषयीं फारशी तक्रार करतां येत नाहीं.

दुसरी कृति गोविंद निहलानी यांचा, विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला, 'आक्रोश' हा १९८० सालचा हिंदी चित्रपट. तो डहाणूवर बेतलेला आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु ठेकेदार, पुढारी आणि जंगलांतला मजूर हें त्रिकूट आपल्या या पट्ट्यास अपरिचित नाहीं. लहान्या भिकू या आदिवासीवर स्वतःच्या पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गांवांतील प्रतिष्ठित आहेत. आणि ओम पुरी यांनीं उभा केलेला हा लहान्या आपल्या वकिलासमोर शब्दसुद्धां काढीत नाहीं. खटला चालविणारा सरकारी वकील दुसाने हा आदिवासींतूनच वर आलेला आहे, ही योजना तर फारच मार्मिक. अखेर बापाच्या चितेपाशीं आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो, आपल्या बहिणीला ठार करतो, आणि मग ती किंकाळी फुटते.

चित्रपटाचें सामर्थ्य मी नाकारीत नाहीं. पण तो पाहून झाल्यावर माझ्या मनांत राहिला तो लहान्या नव्हे, तर त्याचा पांढरपेशा वकील भास्कर कुलकर्णी. लहान्याचें मौन हा एक आरसा आहे आणि त्यांत आपण सुशिक्षित लोक आपलीच बेचैनी पाहतों. चित्रपट त्याच्यापुढें दोनच वाटा ठेवतो: मौन किंवा कुऱ्हाड. इतिहासाचा आक्षेप येथें आहे. या चित्रपटाच्या पस्तीस वर्षें आधीं झरीला तिसरी वाट सांपडली होती, आणि ती सभेची होती. ज्याला आपण मुका समजलों तो बोलला होता. ऐकण्याची तसदी आपण घेतली नव्हती.

आतां भिंतीकडे वळूं. वारल्यांच्या घरीं लग्न ठरलें म्हणजे सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी. तिच्या भोंवतीं झाडें, जनावरें, शेतीचीं कामें आणि तारप्याच्या सुरावर वेटोळें घेत नाचणारे स्त्रीपुरुष. चौकावांचून लग्न पुरें होत नाहीं. दोन त्रिकोण टोंकाशीं टोंक लावून ठेवले कीं माणसाचें धड झालें, इतकी ही लिपि काटकसरीची आहे. आणि तरी तींतला प्रत्येक माणूस कांहीं ना कांहीं करीत असतो.

येथेंच भिंत आणि पुस्तक यांची गांठ पडते, आणि ती आपल्या दिवाणखान्यांत बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या लग्नासाठीं हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठीं वारली जमीनदाराकडून कर्ज काढी. तें फिटेपर्यंत त्यानें व त्याच्या बायकोनें धन्याकडे राबावयाचें, आणि हिशेब धन्याच्याच हातीं असल्यामुळें तें फिटावयाचें नाहीं. अशा माणसास लग्नगडी म्हणत. म्हणजे एकाच मंगल दिवसाच्या दोन नोंदी होत: एक भिंतीवर, पांढऱ्या पिठाची, दुसरी चोपडींत, काळ्या शाईची. भिंतीवरची नोंद बायकांच्या हातची होती आणि तींत धनी कोठेंच नव्हता. त्याला तेथें न येऊं देणें हेंही एक प्रकारचें बोलणेंच होतें, असें मला वाटतें.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हें चित्र भिंतीवरून कागदावर उतरलें. त्या कामीं पुढाकार घेणाऱ्या चित्रकाराचें नांवही भास्कर कुलकर्णीच होतें, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. चित्रपटांतल्या कुलकर्ण्यानें आदिवासीकडे शब्द मागितला आणि तो मिळाला नाहीं; या कुलकर्ण्यांनीं कागद पुढें केला आणि जिव्या सोमा मशे यांनीं तो भरून टाकला. लहानपणीं आई वारल्यावर जिव्यांनीं बोलणें सोडलें होतें आणि ते धुळींत रेघा काढून आपलें मनोगत सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगितलें जातें. डहाणू तालुक्यांतील या कलावंताचीं चित्रें १९८९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत गेलीं, २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते निवर्तले. लाभ उघड आहे. हानीही सांगितली पाहिजे: सवाशिणींची अनामिक कला बाजारांत आली ती मुख्यतः पुरुषांच्या नांवानें, आणि आतां ती पेल्यांवर व साड्यांच्या कांठांवर, लग्न आणि कर्ज या दोहोंपासून तुटून, नुसती शोभा म्हणून नांदते.

चित्रांतून कथा सांगणें हा पोरखेळ आहे, असें मानणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. माझे विद्यार्थी जपानी मांगा वाचतात तेव्हां त्यांचे पालक कपाळाला आंठ्या घालतात. सगळेंच मांगा वाचनीय असतें असें मी म्हणणार नाहीं. त्यांतील पुष्कळसें मला नुसती धांवपळ वाटतें. पण केइजी नाकाझावा यांची 'हदाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', ही चित्रकथा मीं इतिहासाचें साधन म्हणून वाचली. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हां नाकाझावा सहा वर्षांचे होते. १९७३ पासून त्यांनीं तो प्रलय स्वतःच्या हातानें काढला. ६ ऑगस्ट १९४५ हा दिवस झरीची सभा आणि तलवाड्याचा गोळीबार यांच्या मध्यें येतो. मांगामध्यें काळ चौकटीचौकटींनीं पुढें सरकतो. वारली चौकांत पेरणी, कापणी, लग्न आणि नाच एकाच वेळीं चाललेले असतात. रीति भिन्न आहेत, पण ज्यानें सोसलें त्यानेंच सांगावें हा नाकाझावांचा धडा दोन्हींस लागू पडतो.

माझा निर्णय आतां सांगतों. चित्रपट आपल्याविषयीं खरा आहे, पुस्तक लढ्याविषयीं खरें आहे, आणि चौक वारल्याविषयीं खरा आहे. परंतु तिन्हींपैकीं एकट्या कशावरही विसंबूं नये. पुस्तकावांचून चित्र पाहणारा दारिद्र्याला निसर्गरम्य समजतो. चित्रावांचून पुस्तक वाचणारा माणसाला केवळ पीडित समजतो. ज्या पांढऱ्या पिठानें देवीचा चौक लिहिला, त्याच पिठानें झरीची सभा आणि तलवाड्याची ती रात्र त्याच लोकांच्या नातवंडांनीं एकदां भिंतीवर लिहावी, आणि या वेळीं धनीही त्यांत काढावा. तसें झालें तर आमच्या दफ्तरांत नसलेला एक अस्सल कागद इतिहासाच्या हातीं येईल.