कुपीच्या पोटातला बोरू

मराठीत तपकिरीने एका रंगाला नाव दिलं. चिमटीत धरलेली ती तंबाखूची पूड ज्या रंगाची, तो तपकिरी. ओढणारी पिढी गेली, डब्या माळ्यावरच्या ट्रंकांत गेल्या, शब्द मात्र रोजच्या बोलण्यात राहिला. चीनमध्ये याच पुडीच्या मागे एक अख्खी चित्रकला उभी राहिली, आणि ती बहरली तपकीर ओढणं ओसरू लागल्यावर. तळहातात मावणारी काचेची कुपी, तिला जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं तोंड, आणि त्यातून वाकडा बोरू आत घालून काचेच्या आतल्या अंगावर काढलेलं चित्र. चिनी भाषेत या कलेला नेइहुआ म्हणतात, म्हणजे ‘आतलं चित्र’.

तंबाखू चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीला, फिलिपिन्सहून फूजियानच्या किनाऱ्यावर. लोकांना धूम्रपानाची गोडी लागली तशी सत्ताधाऱ्यांना ती खुपू लागली, आणि १६३९ मध्ये मिंग दरबाराने धूम्रपानावर बंदी घातली. तपकीर मागाहून आली ती औषधाच्या वाटेने. सर्दी, डोकेदुखी, दातदुखी यांवर उतारा म्हणून आलेल्या वस्तूला कोण अडवणार? १६८४ मध्ये चिंग सम्राट कांगशी दक्षिणेच्या दौऱ्यावर नानजिंगला आला, तेव्हा तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी त्याच्यापुढे भेटवस्तू मांडल्या. त्याने बाकीच्या परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. तिचं चिनी नाव बीयान. बी म्हणजे नाक, यान म्हणजे धूर. धूर नावालाही नसलेल्या वस्तूला ‘नाकाचा धूर’ म्हणायचं कारण इतकंच, की तंबाखूला यान हा शब्द आधीच चिकटला होता.

युरोपातले लोक तपकीर डबीत ठेवत, आपल्याकडेही डबीच. चीनमध्ये डबी रुजली नाही. दमट हवेत डबीतल्या पुडीचे गोळे होतात आणि वास उडून जातो. त्यापेक्षा औषधाच्या पुडी-गोळ्या ठेवायच्या छोट्या बाटल्या तिथे घरोघर होत्याच. त्यांना घट्ट बूच आणि बुचाला आतून हस्तिदंती चमचा जोडला, की तपकिरीची कुपी तयार. कांगशीने १६९६ मध्ये राजवाड्यातला काचेचा कारखाना किलियान श्टुम्फ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली सुरू केला. तिथून पुढे शंभर वर्षं कुपीने जेवढे थाट करता येतात तेवढे केले. जेड, अकीक, चिनी माती, एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची काच चढवून केलेलं कोरीव काम, मिनाकारी. सम्राट मर्जीतल्या सरदारांना कुप्या बक्षीस देत असे. हा सगळा शृंगार बाहेरच्या अंगावरचा. आत फक्त तपकीर.

आतल्या चित्राची एक दंतकथा सांगतात. कुणी एक छोटा अंमलदार कामासाठी राजधानीत येऊन अडकला. पैसे संपले, तपकीरही संपली, म्हणून तो बांबूच्या काडीने कुपीच्या आत चिकटलेली पूड खरवडू लागला. काचेवर रेघोट्या उठल्या. तो उतरला होता त्या मठातल्या एका भिक्षूने त्या पाहिल्या, काडीला बाक दिला, शाईत बुडवली आणि पहिलं चित्र काढलं. गोष्ट गोड आहे. गरज आणि रिकामा वेळ यांतून कला जन्मते, हे तिच्यातलं म्हणणं मला पटतंही. पण मला या कलेचं खरं कूळ दक्षिणेत दिसतं. ग्वांगझौ बंदरात अठराव्या शतकात काचेच्या मागून चित्रं रंगवण्याचा मोठा धंदा होता आणि ती परदेशी जहाजांतून बाहेर जात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ती आली, आणि जुन्या वाड्यांत, देव्हाऱ्यांत दिसणाऱ्या काचचित्रांशी त्यांचं नातं आहे. सही करून कुपीत चित्रं काढणारा पहिला माहीत असलेला मोठा चित्रकार गान श्युआनवेन. त्याचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि त्याची परंपरा लिंगनानची, म्हणजे ग्वांगझौ ज्यात येतं त्याच दक्षिण मुलखाची मानतात. सपाट काचेच्या पाठीवर चित्र काढायची सवय असलेल्या मुलखात कुणाला तरी कुपीच्या पोटात हात घालावासा वाटला, यात मला नवल वाटत नाही.

हात म्हणजे अर्थात बोरू. आधी काच तयार करावी लागते. गुळगुळीत काचेवर पाण्यातला रंग ठरत नाही, ओघळतो. म्हणून कुपीत लोखंडी रेती, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून ती तासन्‌तास हलवत राहायची. आतलं अंग घासून घासून दुधी होतं आणि कागदासारखा रंग धरतं. मग टोकाशी वाकवलेला बांबूचा बोरू आत जातो. कागदावर लिहिताना टोक आपण आपल्यापासून दूर दाबतो. इथे ते आपल्याच दिशेने, काचेच्या पाठीवर टेकवायचं. चित्रकार बघतो बाहेरून आणि रेघ मारतो आतून. बोरूचा दांडा कुपीच्या तोंडाला अडलेला, त्यामुळे मनगटाला मोकळीक नाही; जी काही हालचाल करायची ती बोटांच्या पेरांनी.

त्याहून अवघड आहे तो क्रम. कागदावर आधी चेहऱ्याचा रंग भरतात आणि शेवटी बुबुळात काळा ठिपका देतात. कुपीत ठिपका पहिला. मग डोळ्याचा पांढरा, मग पापणीची कड, आणि सगळ्यांत शेवटी कातडीचा रंग. डोंगराआधी झाड, पानाआधी पानावरचा किडा. कळस आधी चढवायचा आणि पाया नंतर भरायचा, असं हे बांधकाम. जे प्रेक्षकाला सर्वांत जवळचं, ते चित्रकाराने सर्वांत आधी, काहीही आधाराला नसताना काढलेलं असतं. नंतर कितीही रंग चढवले तरी ते मागे जातात. पहिली चूक कायम समोर राहते. म्हणूनच मला ही कला करामत वाटत नाही. बाटलीत जहाज घालणं ही करामत. इथे संपूर्ण चित्र आधी मनात उलगडून झालेलं असावं लागतं.

हे पुरतं कळलेला माणूस बीजिंगमध्ये होऊन गेला. झोऊ लेयुआनच्या तारखा असलेल्या कुप्या साधारण १८८० पासून १८९३ पर्यंतच्या आहेत. त्याने कुपीत विद्वान चित्रकारांची शाईची निसर्गचित्रं आणली: धुक्यातले डोंगर, पाण्याकाठची झोपडी, मधली रिकामी जागा. ती रिकामी जागा मला सर्वांत मोठी वाटते. अंगठ्याएवढ्या काचेवर काही न काढता सोडून द्यायला धीर लागतो. त्याच्या पाठोपाठचा मा शाओश्युआन (१८६७-१९३९) छायाचित्रावरून माणसाचा चेहरा शाईच्या छटांत असा उतरवी की ओळख पटावी. बीजिंग ऑपेराचा नट तान शिनपेई याची त्याने काढलेली कुपी प्रसिद्ध आहे. मागच्या बाजूला थांग काळातल्या ओउयांग श्युनच्या वळणाची बारीक सुलेखनाक्षरं. तिसरा ये झोंगसान. सुरुवातीला झोऊच्या वळणाने गेलेला हा चित्रकार पुढे मासे, लोककथा आणि कादंबऱ्यांतले प्रसंग ठसठशीत रंगांत काढू लागला. झोऊपुढे तो मला कमी वाटतो, पण ही कला टिकली ती त्याच्याच घरामुळे.

ये घराण्यात ही विद्या बापाकडून मुलांकडेच जायची. ये झोंगसान १९४५ मध्ये वारला. तोवर तपकीर ओढणारे जवळपास संपले होते. नव्या राजवटीने १९५० च्या दशकात त्याच्या मुलांना बीजिंगच्या हस्तकला संस्थेत आणलं आणि बाहेरचे शिष्य घ्यायला लावलं. घराबाहेरचा पहिला शिष्य हबेई प्रांतातल्या फूचेंगचा, १९३८ मध्ये जन्मलेला वांग शीसान. सांस्कृतिक क्रांतीत त्याला गावी परतावं लागलं. त्याने तिथे गावच्या पोरांना शिकवायला घेतलं. बांबूच्या जागी धातूच्या वाकवता येणाऱ्या दांड्याला केसांचं टोक लावलं, त्यामुळे कुपीच्या खांद्यापाशी, कोपऱ्यात, कुठेही पोचता येऊ लागलं. तैलरंगही त्याने आत नेले. आज हंगश्वेइ शहर आणि त्याच्या आसपासचा भाग या कलेचं मोठं केंद्र आहे, आणि हंगश्वेइची नेइहुआ २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आली. कुळाची विद्या कुळाबाहेर गेली, म्हणून कूळ टिकलं.

आता संग्राहकांविषयी. अमेरिकेत १९६८ मध्ये कुपीप्रेमींची संस्था निघाली आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. मेरी आणि जॉर्ज ब्लॉक यांचा संग्रह २०१० ते २०१५ या काळात हाँगकाँगला दहा लिलावांत विकला गेला. लिलावात मोठ्या बोली लागतात त्या राजवाड्यातल्या मिनाकारीवर. आतून रंगवलेली कुपी त्यामानाने स्वस्त राहते. मला हे चुकीचं मोजमाप वाटतं. जेडची कुपी दगडामुळेही मोलाची असते. या कुपीत काच साधी असते. तिचं सारं मोल हाताचं.

हौशी माणसाची फसगत होते ती सहीवर. झोऊच्या नावाच्या नकला त्याच्या हयातीनंतर भरपूर निघाल्या. ये झोंगसानची मुलंही बापाचीच सही करत, त्यामुळे ती सही म्हणजे घराण्याचा शिक्का समजावा. धाकटा मुलगा ये बंगछी तर मिनाकारीच्या जुन्या कुप्यांच्या अशा प्रतिकृती करी की जाणकारही चकले. तारखेचं गणित मात्र आपल्याला सोपं जावं. प्रभव, विभव अशी आपली साठ संवत्सरं, तसंच चिनी वर्षांचंही साठांचं चक्र, आणि कुपीवर वर्षाचं नाव तेवढं असतं. ‘जिया-वू’ म्हणजे १८३४, १८९४ किंवा १९५४. खाली ये झोंगसानची सही असेल आणि काम खुद्द त्याच्याच हातचं असेल, तर १८९४ च. १८३४ ला तो जन्मला नव्हता आणि १९५४ ला हयात नव्हता. पण सहीच्या आधी डोळे बघावेत. भिंग घेऊन चेहऱ्यातलं बुबुळ पाहा, पक्ष्याची चोच पाहा, किड्याचे पाय पाहा. हेच सर्वांत आधी काढलेलं असतं, आणि घाईच्या कामात हेच आधी ढासळतं.

आणि एक विनंती. अशी कुपी हाती आली, तर ती आतून मळकी दिसते म्हणून धुऊ नका. जुने रंग पाण्यातलेच असतात. एका विसळण्यात सव्वाशे वर्षांचा डोंगर वाहून जातो. बाहेरून मऊ फडक्याने पुसा, बूच लावा आणि उन्हापासून दूर ठेवा.