बंदूक, फासा आणि तणमोर

तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी. तण म्हणजे गवत. गवतातला मोर म्हणून तणमोर. माळढोकाच्या कुळातला हा सगळ्यात लहान भाऊबंद. एरवी तो गवतात असा मुरतो की दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. पण पाऊस लागला, कुरणं वाढली की नराचं वागणं पालटतं. काळं अंग, पांढरे खांदे आणि डोक्यामागे फितीसारखी वळलेली पिसं असा नटलेला नर गवतातून सरळ वर उसळतो, हवेत बेडकासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. दिवसभरात शेकडो वेळा. ही उडी मादीसाठी असते, पण ती शिकाऱ्यालाही दिसते.

अमरावती, अकोला आणि १९९८ साली अकोल्यातूनच वेगळा झालेला वाशीम या पट्ट्यात या उडीकडे दोन प्रकारचे शिकारी बघत आले. एकाच्या हातात बंदूक होती, दुसऱ्याच्या हातात फासा. गवत तेच, पक्षी तोच. तरी पहिल्याच्या शिकारीला खेळ म्हटलं गेलं आणि दुसऱ्याच्या शिकारीला गुन्हा. हा फरक कसा पडला आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते बघू.

साहेबाचा मोसम

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढच्या वीस वर्षांत या मुलखाचा चेहरा बदलला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. जिथे गुरं चरत होती तिथे नांगर फिरू लागला. शिकार होण्याच्या कितीतरी आधी तणमोराची जागा कमी व्हायला सुरुवात झाली ती अशी.

साहेबाच्या शिकारीचा मोसम पाऊस सरल्यावर सुरू व्हायचा. दसरा-दिवाळीनंतर रस्ते वाळले की अधिकारी तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. दिवसा झाडाखाली कचेरी भरायची, सकाळ-संध्याकाळ बंदूक निघायची. ज्वारीच्या वावरात लावे, धुऱ्यावर तितर, तळ्यावर उत्तरेकडून आलेली बदकं. सोबत पोलिसातला कुणी, इंजिनिअर कुणी, कधी गावचा देशमुख किंवा पाटील. दोस्तमंडळींनी जमायचं, मारायचं, रात्री शेकोटीशी बसून खायचं, असा तो कार्यक्रम.

त्या काळचं खरं आकर्षण म्हणजे नवीन यंत्र. आधीची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मग एक बार. तोवर थवा उडून गेलेला असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस घालायची दुनळी आली. दोन बार लागोपाठ, पुन्हा भरायला काही क्षण. आज नवा फोन आला की जशी चर्चा होते, तशी तेव्हा बंदुकांची होत असे. कुणाची नळी, कुठली कंपनी, किती पावलांवरून मारा. अॅलन ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेलाच माणूस, आणि मार्शल या दोघांनी १८७९ ते १८८१ या काळात भारतातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा सचित्र ग्रंथ काढला, तोही याच हौसेच्या जगात.

तणमोर मात्र या थंडीच्या मोसमात सहजी सापडत नसे. त्याला मारायचा सोपा काळ म्हणजे पावसाळा, जेव्हा नर स्वतःच उड्या मारून ठावठिकाणा सांगतो. म्हणजे नेमका विणीचा काळ. मेलेला प्रत्येक नर त्या वर्षीच्या पिल्लांचा बाप होऊ शकला असता.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू झाला. परवाना मिळायचा तो ज्याची सरकारदरबारी पत होती त्याला. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण बंदूक वाड्यातच राहिली. तिच्या जोडीला जीप आली आणि लांब पल्ल्याची बॅटरी आली. मग रात्रीसुद्धा सुटका उरली नाही.

पारध्याचं शास्त्र

वऱ्हाडातल्या फासेपारध्यांकडे बंदूक नव्हती. त्यांच्याकडे होती बारीक काड्यांना बांधलेली फाशांची माळ. फासे केसांचे, तातीचे, पुढे नायलॉनचे. लावे कुठल्या वाटेने पळतात ते ओळखून ही माळ गवतात मांडायची. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा. तो ओरडला की रानातला तितर भांडायला धावून येतो आणि फाशात अडकतो. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालत सावजाजवळ जायचं, कारण चरणाऱ्या गुराला रानातलं जनावर बिचकत नाही. आवाज काढायचा तो स्वतःच्या गळ्यातून.

यातली कुठलीच गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. मादी कुठे बसते, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी नर दिसतो, कोणत्या गवतात अंडी घालते, हे ठाऊक नसेल तर फासा रिकामा राहतो आणि त्या रात्री बेड्यावर चूल पेटत नाही. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. गावाबाहेर, बहुतेकदा सरकारी ई-क्लास जमिनीवर.

या माणसांबद्दल सरकारने काय ठरवलं? १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली, आणि पुढे काही प्रांतांत पारध्यांवरही हा शिक्का बसला. १९५२ साली कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर जातात, ही पारध्यांची जुनी तक्रार आहे.

बंदीचा काळ कुणाचा?

पक्षी वाचवायचे कायदेही याच काळात आले. १८८७ च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांना त्यांच्या हद्दीत विणीच्या काळात ताजे मारलेले किंवा धरलेले पक्षी बाळगण्या-विकण्यावर बंदी घालायची मुभा दिली. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारीचा बंदीकाळ ठरवायचा अधिकार दिला. पक्ष्यांसाठी हे चांगलंच होतं. पण बंदीकाळ ही कल्पना कुणाच्या सोयीची होती? ज्याचा पगार बारा महिने चालू आहे, त्याला चार महिने बंदूक खुंटीला टांगता येते. ज्याचं पोट शिकारीवर आहे, त्याने पावसाळ्यात, हाताला दुसरं काम नसताना, काय खायचं याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हासुद्धा त्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. मोठी शिकार, छोटी शिकार अशी वर्गवारी होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हे परवाने गेले. आज रानातला लावा किंवा तितर धरणं हा गुन्हा आहे, आणि तणमोर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे. हे व्हायलाच हवं होतं. पण कायद्याने परवानेवाल्याची करमणूक थांबवली आणि पारध्याचा धंदा थांबवला. करमणुकीला पर्याय लगेच मिळाला. धंद्याला मिळाला नाही.

बंदुकीतून निघालेला अभ्यास

शिकारी हौसेचं एक चांगलं पोरही आहे. १९०८ साली बारा वर्षांच्या सालिम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि भारतातल्या पक्षी-अभ्यासाला त्याचा सगळ्यात मोठा माणूस मिळाला. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे मारून, पेंढा भरून, चिठ्ठी लावून ठेवायचा.

पण बंदुकीने गोळा केलेला पुरावा नेहमी खरा असतोच असं नाही, याचं उदाहरण आपल्या मेळघाटाशी जोडलेलं आहे. रानपिंगळा हे लहानसं घुबड १८७२ साली आजच्या छत्तीसगडमध्ये पहिल्यांदा मिळालं. ह्यूमने १८७३ साली त्याचं वर्णन छापलं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. रिचर्ड माइनर्टझॅगन नावाच्या नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मात्र आपण तो १९१४ साली गुजरातेत मारल्याचं सांगितलं होतं. शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी आहे. रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी ते ठिकाण बाद केलं, खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतरच्या शोधात तो मेळघाटातही सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर मानलं जातं.

गवत कुणाचं

तणमोराचं असं सुखरूप पुनरागमन झालेलं नाही. १९८२ साली देशभरात त्यांची संख्या साधारण ४,४०० असावी असा अंदाज होता. दुष्काळी वर्षांनंतर, १९८९ मध्ये तो १,७०० च्या आसपास आला. २०२१ पासून जागतिक यादीत तणमोर ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात आहे. आता त्याला मारायला बंदूक लागत नाही. कुरणं सरकारी कागदावर पडीक म्हणून लागतात, आणि पडीक जमिनीचं काहीही करता येतं. कुठे सोयाबीन येतं, कुठे रोपवनाचे खड्डे, कुठे विजेच्या तारा.

अकोला-वाशीम भागात संवेदना ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि त्याची कुरणं वाचवायचं काम करते आहे. नर कुठे उडतो, मादी कुठे बसली असेल, हे आधी फाशासाठी लागणारं ज्ञान आता नोंदींसाठी आणि राखणीसाठी कामी येतं. यात उपकार पारध्यांवर होत नाहीत, ते पारधी आपल्यावर करत आहेत, असं म्हणणं जास्त खरं. कारण त्यांचे स्वतःचे प्रश्न अजून तिथेच आहेत. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी शाळा काढली. तिचं नावच ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात तिचा काही भाग पाडला गेला.

दोस्तांसोबत रानात जायची हौस काही संपलेली नाही. सुटीच्या दिवशी पहाटे छत्री तलावावर, काटेपूर्णेला, पोहऱ्याच्या जंगलात गाड्या लागतात. दुनळीच्या जागी लांब नळीची लेन्स आली, शेकोटीवरच्या गप्पांच्या जागी इन्स्टाग्राम आलं. मर्लिन अॅप आवाजावरून पक्षी सांगतं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर नराचा आवाज लावला की खरा नर भांडायला समोर येतो. पिंजऱ्यातला तितर हेच करायचा. फरक इतकाच की पारधी तो पक्षी घरी न्यायचा आणि आपण फोटो नेतो. पण त्या पाच मिनिटांत पक्ष्याचा घरटं सोडून गेलेला वेळ, त्याची दमछाक, दोन्हीकडे सारखीच खरी असते. आणि फोटोसोबत नेमकं ठिकाण टाकलं तर पुढच्या रविवारी त्याच गवतात दहा गाड्या उभ्या असतात.

म्हणून श्रावण-भादव्यात तणमोर बघायला जाणार असाल तर काही गोष्टी पाळता येतील. आधी तिथल्या माणसाला विचारा, त्याच्यासोबत जा आणि त्याच्या दिवसाची मजुरी त्याला द्या. गाडी रस्त्यावर ठेवा, गवतात उतरू नका. आवाज लावू नका. फोटो टाका, ठिकाण टाकू नका, तालुकासुद्धा नाही. आणि परत आल्यावर एक चौकशी जरूर करा: ते कुरण सातबाऱ्यावर काय म्हणून लागलेलं आहे, आणि त्याच्या कडेला जो बेडा आहे, त्याच्या नावावर किती जमीन आहे.