ठासणीच्या बंदुकीला नवी पिछाडी: स्नायडरचा खर्च वसूल झाला का?

#थ्रेड #शस्त्रेतिहास

१/१५
जुन्या बंदुकीला नवा भाग बसवावा की नवीच बंदूक घ्यावी? हा प्रश्न आज हौशी नेमबाजांना पडतो. इ. स. १८६४ ते १८७० या काळात तो युरोप-अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक युद्धखात्यापुढे उभा होता. ब्रिटनने दिलेल्या उत्तराचे नाव होते स्नायडर. त्या उत्तराचा हिशेब मुंबईच्या फौजेपर्यंत येऊन पोहोचतो.

२/१५
आधी मूळ बंदूक पाहू. १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड ही आतून पेच पाडलेल्या नळीची, पण तोंडाकडून भरायची, म्हणजे ठासणीची बंदूक होती. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि मग नेम धरायचा. तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. १८५७च्या उठावात गाजलेली चरबी लावलेली काडतुसे याच बंदुकीची.

३/१५
या बंदुकीचा नेम चांगला होता; तिची खरी उणीव भरण्यात होती. ठासण्यासाठी शिपायाला बहुधा उभे राहावे लागे, आणि तेवढा वेळ तो शत्रूच्या माऱ्यात उघडा पडे. प्रशियाच्या सैन्याकडे मात्र मागून भरायची ड्रायसे बंदूक होती. तिच्या सांध्यातून वायू गळत असे, पल्लाही बेताचा होता. तरी ती जमिनीवर पडल्या पडल्या भरता येई. १८६४च्या डेन्मार्क युद्धात हे जगाने पाहिले. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या रणभूमीवर ठासणीच्या बंदुका घेऊन उतरलेल्या ऑस्ट्रियाने त्याची जबर किंमत मोजली.

४/१५
ब्रिटनची अडचण मोठी होती. एन्फील्ड बंदुका लाखोंच्या संख्येने तयार होत्या, त्यांतील बऱ्याचशा पुरत्या वापरल्याही गेल्या नव्हत्या. त्या मोडीत काढणे संसदेला परवडणारे नव्हते. म्हणून १८६४मध्ये कारागिरांना आवाहन करण्यात आले: याच बंदुकीला मागून भरायची सोय करून दाखवा. सुमारे ५० प्रस्ताव आले. त्यांतून जेकब स्नायडर या अमेरिकी माणसाची योजना निवडली गेली.

५/१५
योजनेचे यश तिच्या साधेपणात होते. नळीच्या मागच्या टोकाचा काही इंचांचा तुकडा कापायचा आणि तेथे बिजागरीवर उजवीकडे उघडणारा धातूचा ठोकळा असलेला नवा भाग आट्यांनी बसवायचा. नळीचा उरलेला भाग, लाकडी दस्ता, घोडा आणि चाप हे सारे जुनेच. घोडा आता टोपीऐवजी ठोकळ्यातून तिरप्या गेलेल्या खिळीवर आपटे आणि ती खिळी काडतुसाचा बार उडवी. म्हणजे बंदुकीचा महागडा भाग जसाच्या तसा राहिला. बदलली ती फक्त पिछाडी.

६/१५
पण एकट्या ठोकळ्याने काम भागले नाही. पहिल्या चाचण्यांत नेम समाधानकारक नव्हता. खरी सुधारणा घडवली ती काडतुसाने. वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे, तळाच्या मधोमध टोपी असलेले काडतूस तयार केले. बार उडताच पत्रा फुगून नळीला घट्ट बसे आणि वायू मागे गळत नसे. ड्रायसेची दुखरी नस नेमकी हीच होती. बॉक्सर काडतुसासह सुधारलेली एन्फील्ड मूळ एन्फील्डपेक्षाही अचूक ठरली.

७/१५
परिणामी मिनिटाला दोन-तीन बारांऐवजी दहाच्या आसपास बार निघू लागले, तेही आडवे पडून. दातांनी कागद फाडण्याचा प्रश्नच उरला नाही. उणिवाही होत्या. रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडत नसे. ठोकळा मागे ओढून बंदूक उलटी करून ते पाडावे लागे. नळीचा व्यास जुनाच, सुमारे १४.७ मिमी, राहिला. त्यामुळे गोळी जड व मंद, आणि लांबच्या माऱ्यात तिचा मार्ग उंच कमानीचा. पिछाडी बदलून नळीचे दोष जात नाहीत.

८/१५
ब्रिटिश युद्धखात्याला हे ठाऊक होते. म्हणूनच स्नायडर स्वीकारतानाच संपूर्ण नव्या बंदुकीचा शोध सुरू झाला. त्यातून १८७१मध्ये मार्टिनी-हेन्री आली: नळी सुमारे ११.४ मिमी, गोळीचा मार्ग अधिक सपाट, पल्ला लांब. स्नायडर हा पाच वर्षांचा पूल होता आणि पूल म्हणून तो उत्तम होता. स्वतः स्नायडर यांच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. मोबदल्याचा वाद चालू असतानाच १८६६मध्ये त्यांचा हलाखीत मृत्यू झाला.

९/१५
पहिली मोठी कसोटी लागली ती मुंबईहून निघालेल्या मोहिमेत. ॲबिसिनियाचा सम्राट तेवोद्रोस याने युरोपीय लोकांना कैदेत ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई फौजेचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली सैन्य गेले. १० एप्रिल १८६८ रोजी अरोगी येथे सुमारे ७०० इथिओपियन सैनिक मारले गेले. ब्रिटिश बाजूचे २० जखमी झाले, त्यांतील दोघे दगावले. तोफा आणि अग्निबाणही सोबत होते, म्हणून सारे श्रेय स्नायडरचे नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: स्नायडर होती ती ब्रिटिश पलटणीच्या हातात. शेजारी लढणारी पंजाबी पलटण अजून ठासणीच्याच बंदुका वापरत होती आणि भाल्यांना संगिनीने तोंड देत होती.

१०/१५
हा योगायोग नव्हता. १८५७नंतर हिंदी शिपायांकडे ब्रिटिश सैनिकांपेक्षा एक पायरी खालचे शस्त्र राहावे, हे धोरणच ठरले. त्यासाठी एन्फील्डसारखीच दिसणारी, पण आतून पेच नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक खास तयार करवून हिंदी पलटणींना देण्यात आली. बंदूक चांगली करण्यासाठी पैसे खर्च होतात, हे सर्वांना ठाऊक असते. येथे ती मुद्दाम कमी प्रतीची करण्यासाठी खर्च झाले. ब्रिटिशांच्या हाती मार्टिनी-हेन्री येऊ लागली, तेव्हा कोठे उतरलेली स्नायडर हिंदी पलटणींच्या वाट्याला आली.

११/१५
२७ जुलै १८८०, अफगाणिस्तानातील मैवंद. ब्रिगेडियर बरोज यांच्या सुमारे २,५०० जणांच्या दळात ब्रिटिशांची ६६वी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती. मुंबई फौजेची पहिली ग्रेनेडिअर्स आणि ३०वी जेकब्स रायफल्स स्नायडर घेऊन. समोर अयूब खानाचे कितीतरी पट मोठे सैन्य आणि ३० तोफा. बरोज यांच्याकडे १२. जवळपास हजार माणसे गमावून हे दळ मागे हटले. पराभवाची कारणे संख्या, तोफखाना, उन्हाळा, तहान आणि चुकीची जागा ही होती. बंदुकीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तरीही एकाच रांगेत दोन पिढ्यांच्या बंदुका होत्या, त्यांचे पल्ले वेगळे होते आणि एकीचे काडतूस दुसरीत चालत नव्हते. जुन्या भागावर वाचवलेला पैसा अशा ठिकाणी वेगळ्या खात्यात वसूल होतो.

१२/१५
रशियाची गोष्ट अधिक कडू आहे. सिल्व्हेस्टर क्रन्का या चेक कारागिराच्या योजनेने १८६९पासून रशियाने आपल्या ठासणीच्या बंदुका मागून भरायच्या केल्या. नवी बर्दान बंदूक हाती होती, पण सगळ्यांना पुरेल इतकी नव्हती. १८७७मध्ये प्लेव्हना येथे तुर्कांकडे अमेरिकेत बनलेल्या पीबडी-मार्टिनी बंदुका होत्या. क्रन्कावरची नेम-पट्टी बहुतेक शिपायांसाठी ६०० पावलांपर्यंतच होती. त्यामुळे चालून जाणाऱ्या रशियन पायदळाला उत्तर देण्याच्या अंतरावर पोहोचण्याआधीच मोठा मार सोसावा लागला. सुधारणा झाली होती. युद्ध मात्र तिच्या पुढे निघून गेले होते.

१३/१५
अमेरिकेचा अनुभव दुहेरी आहे. यादवी युद्धानंतर उरलेल्या बंदुकांना स्प्रिंगफील्ड कारखान्याचे एर्स्किन ॲलिन यांनी वर उचलायचे झाकण बसवले. २ ऑगस्ट १८६७ रोजी ‘वॅगन बॉक्स’ लढाईत, आपल्या भूमीसाठी लढणाऱ्या लाकोटा योद्ध्यांना दोन फैरींमधला नेहमीचा विराम सापडलाच नाही. तेथे खर्च वसूल झाला. पण काटकसरीची सवय सुटली नाही. १८७३ची नवी बंदूकही त्याच झाकणाच्या रचनेवर बेतली गेली. १८९८च्या क्यूबा युद्धात स्पॅनिश सैन्याकडे धूररहित दारूच्या, एकापाठोपाठ एक बार काढणाऱ्या माउझर होत्या, आणि अनेक अमेरिकी स्वयंसेवक पलटणी त्याच जुन्या जातीच्या बंदुकीचा धूर उडवून आपली जागा शत्रूला दाखवत होत्या.

१४/१५
मग पैशाचे मोल मिळाले का? तीन गोष्टी पाहाव्या लागतात. नवा भाग बंदुकीची नेमकी मुख्य उणीव दूर करतो का? स्नायडरने ती केली. त्याच्यासोबत लागणारे काडतूस तितकेच चांगले आहे का? बॉक्सरने ते दिले. आणि हा भाग किती दिवसांसाठी आहे? येथे उत्तर माणसागणिक बदलले. ब्रिटिश शिपायासाठी तो काही वर्षांचा होता. हिंदी शिपायासाठी तो ब्रिटिशांनी टाकून दिल्यानंतर सुरू झाला. पुढेही क्रम तोच राहिला: १८९७च्या तिराह मोहिमेत ब्रिटिशांकडे ली-मेटफर्ड, हिंदी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री. खजिन्याच्या वहीत स्नायडर हा फायद्याचा सौदा होता. उरलेली किंमत त्या वहीत लिहिली गेली नाही.

१५/१५
एखाद्या संग्रहालयात एन्फील्डसारखी बंदूक दिसली, तर घोड्याच्या पुढचा भाग नीट पाहा. नळीच्या मागे उजवीकडे उघडणारा ठोकळा असेल, तर ती स्नायडर. चापाजवळच्या पट्टीवर कोरलेले वर्षही वाचा. ते १८६६च्या आधीचे असेल, तर ती बंदूक ठासणीची म्हणून जन्मली आणि पिछाडी तिला मागाहून मिळाली. मग एकच प्रश्न उरतो: ती शेवटी कोणत्या पलटणीच्या हातात होती?