‘अहिफेन’ ते ‘मॉर्फीन’ : एका वेदनाशामकाची शब्दकथा

शब्दांचा इतिहास हा पुष्कळदा समजुतींचा इतिहास असतो. वैद्यकातील ‘मॉर्फीन’ हा शब्द या दृष्टीने फार उद्बोधक आहे. असाध्य दुखण्याने पिडलेल्या रोग्याला आराम देणारे हे औषध. परंतु त्याचे नाव काढताच घरची माणसे दचकतात आणि कधीकधी वैद्यही हात आखडता घेतात. या भीतीचे मूळ द्रव्याच्या गुणधर्मांत जितके आहे, तितकेच त्याला वेळोवेळी मिळालेल्या नावांतही आहे.

मॉर्फीनची जननी अफू. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्या म्हणजे जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू होते. ग्रीक भाषेत ‘ओपोस’ म्हणजे रस. त्यावरून ‘ओपिऑन’ हे नाव पडले. अरबांनी त्याचे ‘अफ्यून’ केले. पुढे हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा संस्कृत पंडितांनी त्याला ‘अहिफेन’ असे रूप दिले. अहि म्हणजे सर्प आणि फेन म्हणजे फेस. परकीय शब्दाला स्वभाषेचा पेहराव चढवण्याचा हा उत्तम नमुना होय; मात्र या पेहरावाबरोबर एका साध्या वनस्पतिरसाला सर्पाचे विषही चिकटले. चरक-सुश्रुतांच्या संहितांत अफू आढळत नाही. शार्ङ्गधरसंहितेसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत ती औषध म्हणून येते. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधिविषयक संवादग्रंथातही अफूवर स्वतंत्र प्रकरण आहे.

मराठीत ‘अफू’ आणि ‘अफीण’ ही रूपे रूढ झाली, परंतु त्यांच्याभोवती जमलेला अर्थ प्रायः व्यसनाचाच. त्याला सबळ कारणेही होती. एकोणिसाव्या शतकात आमच्या माळव्याची अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवरून मुंबईला आणि तेथून चीनला जाई. कंपनी सरकारने १८३० नंतर तिच्यावर परवान्याचा कर बसवून आपला खजिना भरला, आणि चीनशी चाललेला हा व्यापार १९१३ साली थांबला. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफू घातलेली ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. ज्या शब्दामागे अशा स्मृती उभ्या आहेत, त्याविषयी समाजाला धास्ती वाटावी हे स्वाभाविकच होय.

जर्मनीतील फ्रीडरिक झेर्ट्युर्नर या औषधविक्रेत्याच्या तरुण साहाय्यकाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूमधील मुख्य द्रव्य वेगळे काढले. १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने स्वतःवर व तीन तरुणांवर केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत दिला आणि या द्रव्यास ‘मॉर्फियम’ म्हटले. फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसाक याने त्याचे ‘मॉर्फीन’ केले. मॉर्फियस हा निद्रादेवाचा पुत्र, स्वप्नांत नाना रूपे घेऊन येणारा. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. म्हणजे येथेही नाव पडले ते स्वप्नावरून, वेदनाशमनावरून नव्हे. १८९८ साली बायर कंपनीने मॉर्फीनपासून बनवलेले एक द्रव्य खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले आणि त्याला ‘हेरॉइन’ हे वीरत्वसूचक नाव दिले. त्या वीराने पुढे किती घरे उद्ध्वस्त केली, हे सांगावयास नको.

या कुळातील द्रव्यांस इंग्रजीत दीर्घकाळ ‘नार्कोटिक’ म्हणत. त्याचे मूळ ‘नार्के’, म्हणजे बधिरता. पुढे कायद्याने हाच शब्द उचलला आणि त्यात कोकेनसारखी, गुंगीऐवजी उत्तेजना आणणारी द्रव्येही घातली. परिणामी वैद्याचे औषध आणि चोरट्या व्यापाऱ्याचा माल एकाच नावाखाली आले. आपल्या देशात १९८५ साली झालेल्या कडक कायद्यानंतर रुग्णालयांतील मॉर्फीनचा वापर झपाट्याने घटला. परवान्यांचे जाळे आणि शिक्षेचे भय यांमुळे अनेक औषधालयांनी ते ठेवणेच सोडले. जगाला औषधासाठी अफू पुरवणाऱ्या, नीमच व गाझीपूर येथे सरकारी अफू-कारखाने असलेल्या देशात कर्करोगाचा रोगी वेदनेने तळमळत राहावा, ही विसंगती मोठी दारुण होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा आवश्यक औषधांसाठी नियम सुलभ करण्याची वाट मोकळी झाली. मनातील भीती मात्र दुरुस्तीने जात नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ‘ओपिऑइड’ ही संज्ञा रूढ झाली. अफूतून निघालेली, अफूपासून घडवलेली आणि प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तयार झालेली, परंतु अफूसारखे कार्य करणारी सर्व द्रव्ये तीत येतात. १९७५ साली तर आपल्या मेंदूतच अशी द्रव्ये तयार होतात असे आढळले. मराठीत ‘ओपिएट’साठी ‘अफूजन्य’ आणि ‘ओपिऑइड’साठी ‘अफूसदृश’ हे शब्द नेमके ठरतील. वैद्यकीय प्रसंगी त्यांच्यापुढे ‘वेदनाशामक’ हे विशेष्य अवश्य जोडावे. ‘मादक’ व ‘गुंगीचे’ ही विशेषणे दुरुपयोगाच्या चर्चेसाठी राखून ठेवावीत.

यात धोका झाकण्याचा हेतू नाही. मात्रा चुकल्यास हेच द्रव्य श्वास मंदावून प्राण घेते, आणि सवयीचे भयही खरे आहे. म्हणूनच ते जाणत्या वैद्याच्या हाती असावे. परंतु सापाचा फेस, स्वप्नाचा देव, अंगाची बधिरता अशी नावे देणाऱ्या शतकांनी त्याच्या मुख्य उपकाराचा, म्हणजे दुःख हलके करण्याचा, उच्चार कोठेच केला नाही. ती उणीव भरून काढणे परिभाषाकारांच्या आणि आम्हा शिक्षकांच्या हाती आहे. नेमका शब्द रोग बरा करीत नाही हे खरे. पण रोग्याच्या उशाशी बसलेल्या आप्ताचे अकारण भय तो निश्चित दूर करू शकतो.