सर्पगंधेच्या मुळातला अजमल

आयुर्वेद हिंदूंचा आणि युनानी मुसलमानांची, अशी वाटणी दोन्हीकडचे लोक सहज करून टाकतात. सर्पगंधेचा इतिहास ती मान्य करीत नाही.

हे झुडूप वैद्यांना सर्पगंधा म्हणून ठाऊक होते, हकिमांना असरोल म्हणून. झोप न येणे, उन्माद यांवर दोघेही त्याचे मूळ देत. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी यांचे एकच तिब्बी कॉलेज उभारले. १९२१ साली गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. जुनी औषधे नव्या रसायनशास्त्राने तपासली जावीत, हा हकीमसाहेबांचा आग्रह होता. जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकींवर त्यांनी हे काम सोपवले. हकीमसाहेबांचा १९२७ साली इंतकाल झाला. १९३१ साली सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या आठवणीखातर त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो.

१९४९ साली मुंबईचे पारशी डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना हे मूळ देऊन आलेला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली त्यातूनच रिसर्पिन मिळाले. त्याने रक्तदाब उतरतो, पण मन खचण्याचा धोकाही असतो. म्हणून हे मूळ कुणी आपल्या मनाने घेऊ नये.

वैद्याचे झुडूप, हकिमाची दूरदृष्टी, पारशी डॉक्टरची पारख. आता वाटणी करायचीच, तर कुणाच्या पदरात काय घालायचे?