मार्गदर्शक तत्त्वे आणि स्त्री-रुग्ण : स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मुंबईतील इतिहास

प्रास्ताविक

माहीमहून पश्चिम रेल्वेने तिसरे स्थानक प्रभादेवीचे. तेथे उतरून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय पायी गाठता येते. मात्र स्तनात गाठ हाताला लागल्यापासून या रुग्णालयात पोहोचेपर्यंत एखाद्या कष्टकरी स्त्रीला अनेक महिने लागू शकतात. लाज, घरकाम, मजुरीचा खाडा आणि 'दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही' ही समजूत आड येते. हा विलंब कमी करणे हा शासनाच्या तपासणीविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा हेतू आहे. ही तत्त्वे कोणत्या अनुभवातून घडली आणि स्त्रियांच्या वाट्याला त्यांतून काय आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उपचाराकडून प्रतिबंधाकडे

सर दोराबजी टाटा न्यासाच्या देणगीतून परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. रुग्णालयात आलेले रुग्ण मोजणे निराळे आणि शहरात किती जणांना रोग होतो हे मोजणे निराळे. दुसरी गोष्ट या नोंदणीमुळे शक्य झाली. १९७५-७६ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम आला. १९८४-८५ मध्ये त्यात बदल होऊन प्रतिबंध व लवकर निदान यांवर भर देण्यात आला. परंतु निरोगी दिसणाऱ्या स्त्रीची तपासणी कोणी, कशी आणि किती वर्षांनी करावी, या प्रश्नाला भारतीय पुराव्याचा आधार नव्हता.

मुंबईतील प्रयोग

पाश्चात्त्य देशांत मॅमोग्राफीचा प्रसार झाला होता. तिला यंत्रे, क्ष-किरणतज्ज्ञ आणि मोठा खर्च लागतो; शिवाय तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तन-ऊतींत ती कमी उपयोगी पडते. म्हणून टाटा मेमोरियलमधील संशोधकांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत निराळा प्रयोग आरंभिला. वीस समूहांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. दुसऱ्या गटाला एकदा कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली आणि पुढे त्या स्त्रियांवर केवळ लक्ष ठेवण्यात आले.

वीस वर्षांच्या अनुभवाचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत रोग सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण ही घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के आणि निर्णायक होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ सिद्ध झाला नाही.

या ज्ञानाची किंमतही नोंदवली पाहिजे. दुसऱ्या गटातील ७६,१७८ स्त्रियांना प्रयोगात तपासणी मिळाली नाही. त्या काळी देशात तपासणीची सार्वजनिक सेवाच नव्हती, हे त्याचे समर्थन होते. याच प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती. त्या भागाच्या रचनेवर नैतिक आक्षेप घेण्यात आले. वाद कोणत्याही बाजूने पाहिला, तरी या स्त्रियांमुळे जे कळले ते सर्व स्त्रियांच्या उपयोगी आणणे हे शासनाचे ऋण ठरते.

तत्त्वे आणि वास्तव

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये कार्यात्मक आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हावी आणि संशयित स्त्रीला पुढील निदानासाठी वरच्या केंद्राकडे पाठवावे. पद्धतीची निवड मुंबईच्या अनुभवाशी जुळते. कालावधी मात्र जुळत नाही, कारण मुंबईत सिद्ध झालेला लाभ दोन वर्षांच्या अंतराचा होता. निष्कर्ष आराखड्यानंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाले, हे खरे. म्हणूनच फेरविचाराला जागा आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २००९ मध्ये नियमित मॅमोग्राफी पन्नाशीपासून सुचविली होती. २०२४ मध्ये तीच मर्यादा चाळीसवर आणली. पुरावा बदलला की तत्त्वे बदलतात, यात कमीपणा नाही.

अधिक गंभीर प्रश्न अंमलबजावणीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात कधीही स्तनतपासणी झालेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही, असे आढळले. तपासणीने स्वतःहून कोणी बरे होत नाही. संशय आल्यानंतर सोनोग्राफी, ऊतीचा तुकडा काढून परीक्षण आणि उपचार वेळेवर झाले, तरच तिचा लाभ होतो. यांतील एक दुवा तुटला तर त्या स्त्रीच्या पदरी केवळ भीती पडते.

निष्कर्ष

मुंबईच्या प्रयोगात तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या प्रशिक्षण दिलेल्या, लोकांच्या दारापर्यंत जाणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. हे काम महागड्या यंत्रांवाचून होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. म्हणून पन्नाशीपुढील स्त्रियांना प्राधान्य, दोन फेऱ्यांतील अंतराचा फेरविचार, आरोग्यसेविकांचे सततचे प्रशिक्षण आणि संशयित स्त्री निदानापर्यंत पोहोचली की नाही याची नोंद, या चार बाबी धोरणात आणणे आवश्यक आहे. किती स्त्रिया तपासल्या यापेक्षा किती स्त्रिया उपचारापर्यंत वेळेत पोहोचल्या, यावरून या तत्त्वांचे मोल ठरवावे.